अंगणवाडीची किल्ली कोणाकडे? स्थानिक स्वराज्य संस्था आणि वंचित वस्त्यांतील पूर्वप्राथमिक शिक्षण : एक आढावा

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात अंगणवाडी सेविकांचे मोर्चे आणि धरणे नवे नाहीत. या आंदोलनांत जिल्ह्याच्या गावांतून आलेल्या सेविका असतात, तशा शहरातल्या झोपडपट्ट्यांत काम करणाऱ्याही असतात. मागण्या बहुतेक सारख्याच असतात : मानधन वाढवा, केंद्राला जागा द्या, निकृष्ट आहार बंद करा. निवेदन कोणाच्या हाती द्यायचे, या मुद्द्यावर मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. गावातल्या सेविकेचा कारभार औरंगपुऱ्यातल्या जिल्हा परिषदेतून चालतो. शहरातली सेविका महापालिकेच्या हद्दीत राहते आणि तिथेच काम करते, पण तिची अंगणवाडी महापालिकेच्या अखत्यारीत येत नाही. ती राज्याच्या एकात्मिक बालविकास सेवा योजना आयुक्तालयाच्या नागरी प्रकल्पाचा भाग असते.

एकाच जिल्ह्यातल्या, एकाच वयाच्या, सारख्याच गरिबीत वाढणाऱ्या मुलांसाठी या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. पूर्वप्राथमिक सोयींवर स्थानिक स्वराज्य संस्थांचे नियंत्रण किती असावे आणि त्या नियंत्रणाने मुलांच्या पदरात काय पडते, हा वाद महाराष्ट्रात तीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्यातल्या मुख्य भूमिका, उपलब्ध अनुभव आणि अजून न सुटलेले प्रश्न यांचा हा आढावा आहे. भर मराठवाड्यावर आहे.

पार्श्वभूमी : कोसबाडपासून घटनादुरुस्तीपर्यंत

महाराष्ट्रात बालशिक्षणाची सुरुवात सरकारी खात्याने केली नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्त्यांमध्ये गेले. मुले बालवाडीपर्यंत येत नसतील तर बालवाडीने त्यांच्या अंगणात जावे, हा विचार तिथे प्रत्यक्षात उतरला. साधने परिसरातली, वेळ वस्तीच्या सोयीची आणि शिकवणारी बाई शक्यतो जवळचीच, अशी ती रचना होती.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. महाराष्ट्राच्या पहिल्या प्रकल्पांत मेळघाटातले धारणी आणि मुंबईतली धारावी ही दोन ठिकाणे होती. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा एका छताखाली आल्या. अंगणवाडी हे नाव देशभर गेले. त्यासोबत वस्तीकडे असलेला निर्णयाचा अधिकार मात्र गेला नाही. योजनेचे निकष दिल्लीत ठरू लागले आणि अंमलबजावणी राज्याकडे आली.

महाराष्ट्रात या अंमलबजावणीसाठी जिल्हा परिषद हे भक्कम माध्यम आधीच उभे होते. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. प्राथमिक शाळा, दवाखाने, पाणीपुरवठा ही कामे त्यांच्याकडे होतीच. ग्रामीण आणि आदिवासी भागातल्या अंगणवाड्याही त्यांच्या प्रशासनाखाली आल्या.

१९९३ मध्ये ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती लागू झाली. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत आणि त्यांत महिला व बालविकास हा स्वतंत्र विषय आहे. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीतल्या १८ विषयांत तो नाही. तिथे दुर्बल घटकांचे हितरक्षण, झोपडपट्टी सुधारणा आणि शैक्षणिक बाबींना प्रोत्साहन अशा नोंदी आहेत, पण लहान मुलांचा थेट उल्लेख नाही. गाव आणि शहर यांच्यातल्या आजच्या तफावतीचा एक उगम या दोन याद्यांमध्ये आहे.

वयाची रेषाही महत्त्वाची आहे. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयोगटाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहा वर्षांखालच्या मुलांची तरतूद कलम ४५ मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत राहिली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शिक्षणाबाबत स्थानिक प्राधिकरणांची कर्तव्ये स्पष्ट लिहिली. त्याच कायद्याचे कलम ११ तीन ते सहा वर्षांच्या मुलांबद्दल सांगते की शासन व्यवस्था करू शकेल. त्यामुळे पहिलीच्या वर्गासाठी पंचायतीला वा महापालिकेला जाब विचारता येतो. त्याआधीच्या तीन वर्षांसाठी तसा पक्का आधार शिक्षणाच्या कायद्यात नाही. आहारापुरता तो २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात आहे. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून मोफत आहार हा तिथे हक्क आहे आणि आपल्या क्षेत्रातल्या अंमलबजावणीची जबाबदारी त्या कायद्याने स्थानिक प्राधिकरणांवरही टाकली आहे.

नियंत्रण म्हणजे नेमके कशावर?

या चर्चेत नियंत्रण हा शब्द सैलपणे वापरला जातो आणि बराच गोंधळ तिथूनच सुरू होतो. जागा, माणसे, आहार, शिक्षण आणि माहिती या पाच गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या तर चित्र स्पष्ट होते.

जागेबाबत ग्रामपंचायतीचा शब्द मोठा आहे. गावठाणातली जमीन, समाजमंदिराची खोली, नळजोडणी, वीजबिल, दुरुस्ती यांत सरपंच आणि ग्रामसेवक मनावर घेतील तर काम होते. ग्रामपंचायतींनी आणि जिल्हा परिषदांनी स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के वाटा महिला व बालकल्याणासाठी वापरावा, असा नियम आहे. नव्या इमारतीसाठी केंद्राने १२ लाख रुपयांचे सूत्र ठरवले. त्यात ८ लाख मनरेगातून, २ लाख वित्त आयोगाच्या वा तत्सम निधीतून आणि २ लाख महिला व बालविकास खात्याकडून यायचे असतात. म्हणजे एका खोलीसाठी तीन ठिकाणच्या मंजुऱ्या जुळाव्या लागतात.

माणसांबाबत अधिकार वर आहेत. सेविका आणि मदतनीस स्थानिक रहिवासी असाव्यात ही अट आहे, पण शिक्षणाची अट, निवडीची पद्धत आणि मानधन राज्य ठरवते. २०२३ पासून सेविकेसाठी बारावी उत्तीर्ण ही किमान पात्रता आहे. ग्रामीण भागात पर्यवेक्षिका आणि बालविकास प्रकल्प अधिकारी जिल्हा परिषदेच्या बालकल्याण विभागाच्या उपमुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला उत्तरदायी असतात. गावाच्या पंचायतीला सेविकेच्या हजेरीबद्दल तक्रार करता येते, कारवाई करता येत नाही.

आहाराचे दर केंद्र ठरवते. २०१७ मध्ये सर्वसाधारण बालकासाठी दिवसाला ८ रुपये हा दर निश्चित झाला. घरी न्यायच्या आहाराचा पुरवठा राज्यपातळीवरून होतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा गरम ताजा आहार पुष्कळ गावांत बचत गट किंवा सेविका आणि मदतनीस शिजवतात.

शिक्षणाच्या बाबतीत पंचायतीचा आवाज जवळपास नाही. राज्याचा ‘आकार’ हा अभ्यासक्रम, २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, त्यानंतरचा पायाभूत स्तराचा आराखडा आणि केंद्राचा ‘पोषण भी पढाई भी’ हा उपक्रम असा सगळा प्रवाह वरून खाली येतो.

माहितीचा प्रवाह उलटा आहे, तो खालून वर जातो. २०२१ पासून सेविका ‘पोषण ट्रॅकर’ या अ‍ॅपवर हजेरी, वजन आणि उंची भरते. त्याच वर्षी राज्यातल्या सेविकांनी निकृष्ट फोन आणि अ‍ॅपमधल्या इंग्रजीविरुद्ध मोबाईल वापसी आंदोलन केले. भरलेल्या माहितीवर चर्चा दिल्ली आणि मुंबईत होते. ज्या ग्रामसभेत या मुलांचे आईबाप बसतात, तिच्यापुढे ती क्वचितच मांडली जाते.

राज्यात या योजनेचे ५५३ प्रकल्प आहेत. त्यांत ३६४ ग्रामीण, ८५ आदिवासी आणि १०४ नागरी आहेत. वर सांगितलेली वाटणी पहिल्या दोन प्रकारांना लागू पडते. नागरी प्रकल्पात स्थानिक स्वराज्य संस्थेचा धागा आणखी बारीक होतो. छत्रपती संभाजीनगरातल्या मुकुंदवाडी, मिसारवाडी किंवा नारेगावसारख्या भागात अंगणवाडीला स्वतःची इमारत मिळवायची तर जागा महापालिकेची किंवा महसूल खात्याची लागते आणि योजना राज्याच्या खात्याची असते. परिणामी भाड्याची खोली हाच नेहमीचा पर्याय उरतो. दाट वस्तीत परवडणाऱ्या भाड्यात मिळणारी खोली बहुधा लहान, कोंदट आणि अंगण नसलेली असते.

मराठवाड्याचा अनुभव

या प्रदेशाच्या मागासलेपणाची चर्चा जुनी आहे. १९८४ चा दांडेकर समितीचा अहवाल, १९९४ मध्ये स्थापन झालेले वैधानिक विकास मंडळ आणि २०१३ चा केळकर समितीचा अहवाल हे तिचे टप्पे आहेत. अनुशेष मोजताना रस्ते आणि सिंचन यांना पुढचे स्थान मिळाले. बालवाडीचा अनुशेष त्यामानाने मागे राहिला.

२००१ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या भादली गावातील बालमृत्यूंमुळे हा अनुशेष अचानक समोर आला. कुपोषण म्हणजे मेळघाट, असे राज्याने धरून ठेवले होते. मराठवाड्याच्या कोरडवाहू गावातही मुले कुपोषणाने दगावू शकतात, हे तेव्हा लक्षात आले. त्यानंतर तत्कालीन विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांच्या पुढाकाराने विभागातल्या जिल्ह्यांत मोहीम सुरू झाली. मुलांची नियमित वजने घेणे, अतितीव्र कुपोषित मुले न लपवता नोंदवणे आणि आरोग्य व बालविकास या दोन खात्यांच्या कर्मचाऱ्यांनी एकत्र काम करणे, हा तिचा गाभा होता. या अनुभवातून २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभे राहिले आणि त्याचे कार्यालय सुरुवातीला छत्रपती संभाजीनगरातच होते.

मिशनच्या काळातले आकडे आशादायक दिसले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये राज्यातल्या दोन वर्षांखालच्या ३९ टक्के मुलांची वाढ खुंटलेली होती. २०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात हे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांवर आले. पुढचे आकडे मात्र थबकले. पाच वर्षांखालच्या मुलांत खुंटलेल्या वाढीचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के आणि २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के होते. उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या मुलांचे प्रमाण दोन्ही वेळा २५.६ टक्के राहिले. वयोगट वेगळे असल्याने २०१२ चा आकडा आणि नंतरचे आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत, हे लक्षात ठेवायला हवे.

या अनुभवाचे वाचन दोन प्रकारे होते. काहींच्या मते विभागाच्या पातळीवर पुढाकार घेण्याची मोकळीक मिळाली म्हणून बदल झाला, तेव्हा तो विकेंद्रीकरणाचा पुरावा आहे. इतरांच्या मते तो निवडून आलेल्या संस्थांचा नव्हे, तर खंबीर प्रशासनाचा विजय होता. अधिकारी बदलले तशी गती ओसरली आणि मोहीम पंचायतींच्या रोजच्या कारभारात रुजली नाही. दोन्ही वाचनांना आधार सापडतो.

पहिली भूमिका : अधिकार गावाकडे द्या

स्थानिक नियंत्रणाच्या बाजूचा पहिला युक्तिवाद जवळिकीचा आहे. अंगणवाडी बंद आहे हे मुंबईला महिन्याने कळते, गावाला त्याच सकाळी कळते. छप्पर गळते तेव्हा प्रस्ताव वर पाठवण्याऐवजी पंचायतीने पत्रे बदलावेत, हे शहाणपणाचे आहे.

दुसरा युक्तिवाद लोकशाहीचा आहे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी २००४ मध्ये पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. महिला प्रमुख असलेल्या पंचायतींत पिण्याच्या पाण्यासारख्या, बायकांनी मागितलेल्या सोयींवर जास्त खर्च झाल्याचे त्यात दिसले. सरपंचबाईंच्या हाती खरा निधी दिला तर अंगणवाडीकडे लक्ष जाईल, ही अपेक्षा त्यावर उभी आहे.

तिसरा आधार केरळचा आहे. १९९६ च्या लोकयोजना मोहिमेपासून तिथल्या ग्रामपंचायती अंगणवाड्यांच्या इमारती, देखभाल आणि पूरक आहार यांसाठी स्वतःच्या योजना निधीतून तरतूद करतात. लहान बाळांचा आहार कुटुंबश्रीच्या महिला गटांच्या केंद्रांत तयार होतो. ओडिशाने २०११ नंतर आहाराची खरेदी विकेंद्रित केली आणि मातृ समित्या व तपासणी समित्यांना देखरेखीत जागा दिली.

महाराष्ट्रात याचा सर्वांत ठळक संदर्भ आहाराच्या कंत्राटांचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी अन्नहक्काच्या खटल्यात अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नकोत, गावसमुदाय, बचत गट आणि महिला मंडळे यांना काम द्या, असा आदेश दिला. राज्यात मात्र मोठ्या पुरवठादारांचे वर्चस्व राहिल्याच्या तक्रारी होत राहिल्या. २०१६ च्या निविदेतल्या अटी छोट्या बचत गटांना बाहेर ठेवणाऱ्या आहेत, हा वाद न्यायालयात गेला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रक्रिया रद्द केली. केंद्रित खरेदी स्वस्त आणि स्वच्छ असते हे गृहीत धरता येत नाही, याचा दाखला म्हणून विकेंद्रीकरणवादी या निकालाकडे बोट दाखवतात.

दुसरी भूमिका : राज्याची पकड सैल करू नका

याच्या विरुद्ध बाजूचा मुख्य मुद्दा सत्तेच्या गावातल्या वाटणीचा आहे. पंचायत म्हणजे सगळे गाव नव्हे. अंगणवाडी गावठाणात व्हावी की दलित वस्तीत, तांड्यावर की भिल्ल वस्तीजवळ, हा निर्णय पंचायतीतल्या बहुमतावर सोडला तर तो कुठे झुकेल, हे सांगायला नको. स्थानिक प्रतिष्ठितांकडून सोयी बळकावल्या जाण्याचा हा धोका प्रणव बर्धन आणि दिलीप मुखर्जी या अर्थशास्त्रज्ञांनी सैद्धांतिक पातळीवर तपशीलवार मांडला आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना अंगणवाडीत प्राधान्य मिळाले ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने सहा वर्षांखालची ४० मुले असलेल्या वस्तीला मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळण्याचा हक्क दिला. वंचितांच्या हाती असलेली ही साधने वरून आलेली आहेत, याची आठवण हा पक्ष करून देतो.

दुसरा मुद्दा पैशाचा आहे. स्वतःच्या उत्पन्नाच्या दहा टक्के हा नियम ऐकायला समान वाटतो, पण उत्पन्न समान नाही. कारखान्यांची घरपट्टी मिळणाऱ्या वाळूज परिसरातल्या ग्रामपंचायतीचे दहा टक्के आणि सोयगाव किंवा कन्नडच्या डोंगरपट्ट्यातल्या छोट्या पंचायतीचे दहा टक्के यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. गरज जिथे अधिक, तिथे स्थानिक निधी कमी. फिलिपिन्सने १९९० मध्ये प्रत्येक बरंगायमध्ये, म्हणजे सर्वांत लहान स्थानिक घटकात, बालसंगोपन केंद्राचा कायदा केला आणि १९९१ मध्ये त्याची जबाबदारी स्थानिक शासनाकडे दिली. तिथेही गरीब नगरपालिकांतल्या कार्यकर्तींचे मानधन आणि सोयी मागे राहिल्या. ब्राझीलने १९८८ च्या संविधानाने बालशिक्षणाची मुख्य जबाबदारी नगरपालिकांना दिली. पण २००७ मध्ये शिक्षण निधीच्या पुनर्वाटपात पाळणाघरे आणि बालवाड्या आणल्यावरच त्या जबाबदारीला आर्थिक आधार मिळाला.

तिसरा मुद्दा तमिळनाडूच्या उदाहरणाचा आहे. तिथे अंगणवाड्यांचा कारभार मुख्यतः राज्याच्या खात्यातून चालतो आणि तरीही सेवेचा दर्जा दीर्घकाळ चांगला मानला गेला. २००४ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत केलेल्या पाहणीवर आधारलेल्या, २००६ च्या ‘फोकस’ अहवालात तमिळनाडू आघाडीवर होते. राजकीय इच्छाशक्ती, पुरेसा खर्च आणि नियमित प्रशिक्षण असेल तर केंद्रित व्यवस्थाही चालते, असा याचा अर्थ हा पक्ष लावतो.

तिसरी भूमिका : आधी सेविकेचा प्रश्न सोडवा

कामगार संघटना आणि काही बालहक्क कार्यकर्ते वादाची मांडणीच बदलतात. नियंत्रण कोणाचेही असो, सेविका मानधनावरची राहिली तर अंगणवाडी अर्धवटच चालेल, असे त्यांचे म्हणणे आहे. २०१७ चा संप, मार्च २०१८ मध्ये सेविकांना अत्यावश्यक सेवा कायद्याखाली आणण्याचा आणि विरोधानंतर स्थगित झालेला निर्णय, ४ डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ च्या अखेरीपर्यंत चाललेला संप, ही या प्रश्नाची अलीकडची वळणे आहेत.

स्थानिक नियंत्रणाबद्दल या गटाचा अनुभव संमिश्र आहे. गावातला पाठिंबा सेविकेला बळ देतो, हे तो मान्य करतो. पण नेमणुकीवर स्थानिक राजकारणाची सावली पडते, निवडणुकीत विरोधी गटातल्या घरची सेविका अडचणीत येते, याची भीतीही त्याला आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या दाहोदच्या प्रकरणात सेविका-मदतनिसांना उपदान कायदा लागू असल्याचा निर्णय दिला. जबाबदारी जिल्ह्याच्या पंचायतीची, राज्याची की केंद्राची, असे हात झटकण्याला त्यामुळे काही प्रमाणात पायबंद बसला. सेविकेची सेवाशर्त राज्याने सांभाळावी आणि रोजची देखरेख समाजाने करावी, अशी विभागणी या भूमिकेतून पुढे येते.

पोषण की शिक्षण?

पूर्वप्राथमिक सोयी म्हटल्यावर शिक्षणाची बाजू स्वतंत्रपणे पाहावी लागते. अंगणवाडीच्या सहा सेवांत ती कायम दुबळी राहिली. सेविकेचा दिवस आहारवाटप, वजने, गृहभेटी, लसीकरण, सर्वेक्षणे आणि अ‍ॅपवरची नोंद यांत जातो. गाणी, गोष्टी आणि ठोकळ्यांच्या खेळासाठी उरलेला वेळ मिळतो. तपासणीतही वजनाचे तक्ते पाहिले जातात, मूल काय बोलले हे कोणी पाहत नाही.

पालक याला आपल्या परीने उत्तर देतात. गावोगावी इंग्रजी माध्यमाची पिवळी गाडी येते आणि ज्यांना फी परवडते त्यांची मुले तिच्यातून जातात. अंगणवाडीत उरतात ती सर्वांत गरीब घरची मुले. ज्यांचा आवाज ग्रामसभेत ऐकला जातो, त्यांची मुले तिथे नसतील तर स्थानिक दबाव कमी पडतो. विकेंद्रीकरणाची आशा ज्या पालकांच्या रेट्यावर बेतलेली आहे, तो रेटाच असा पातळ होतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत स्तर मानल्यामुळे नवा पेच निर्माण झाला आहे. शाळा शिक्षण विभागाच्या, अंगणवाड्या महिला व बालविकास खात्याच्या. ग्रामीण भागात निदान दोन्ही जिल्हा परिषदेच्या छताखाली येतात. शाळेच्या आवारात अंगणवाडी आणणे, पहिलीच्या शिक्षकांनी सेविकेसोबत नियोजन करणे, हे तिथे एका मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या पातळीवर जुळवता येते. शहरात शाळा महापालिकेची आणि अंगणवाडी राज्याची असल्याने हाच समन्वय दोन यंत्रणांमध्ये अडकतो. अंगणवाडी शाळेत हलवण्यावर आक्षेपही आहे. तांड्यावरून किंवा वस्तीवरून शाळेपर्यंतचे अंतर तीन वर्षांच्या मुलाला झेपत नाही आणि मुले गळतात.

सीमारेषेवरच्या वस्त्या

सर्वांत कठीण प्रश्न तिथे उभे राहतात, जिथे शासनाच्या नकाशावरच्या रेषा लोकांच्या जगण्याशी जुळत नाहीत. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात अशी तीन ठिकाणे ठळक आहेत.

पहिले वाळूज औद्योगिक वसाहतीभोवतीचे. रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, बजाजनगर या परिसरात परजिल्ह्यांतून आणि परराज्यांतून आलेली कामगार कुटुंबे राहतात. वस्ती शहराची आहे आणि कारभार बराच काळ ग्रामपंचायतींचा राहिला आहे. भाड्याच्या खोलीत राहणारे आणि मतदार यादीत नाव नसलेले कुटुंब पंचायतीच्या हिशेबात मोजले जात नाही. दोघेही पालक कारखान्यात असतील तर त्यांना दिवसभर चालणारे केंद्र लागते. ठरावीक तासांची अंगणवाडी त्यांच्या कामाची नाही.

दुसरे शहराच्या वाढत्या हद्दीचे. सातारा-देवळाई परिसर काही वर्षांत ग्रामपंचायतींकडून नगर परिषदेकडे आणि तिथून महापालिकेत गेला. अशा प्रत्येक बदलात ग्रामसभा संपते आणि पंचायतीचा दहा टक्के निधी संपतो. त्या जागी अंगणवाडीबाबत नगरसेवकाला किंवा प्रभागाला कोणता अधिकार मिळतो, याचे स्पष्ट उत्तर कायद्यात नाही.

तिसरे स्थलांतराचे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांत बंजारा तांड्यांवरची कुटुंबे मोठ्या संख्येने असतात. लहान मूल आईबरोबर फडावर जाते. त्याच्या गावच्या पंचायतीचा अधिकार तिथे पोहोचत नाही आणि कारखान्याजवळच्या पंचायतीला ते मूल आपले वाटत नाही. राज्याने स्थलांतरित लाभार्थींचा माग ठेवणारी नोंदपद्धत सुरू केली, म्हणजे निदान कागदावर मूल हरवू नये. पण फडावर खेळायला, शिकायला आणि झोपायला सुरक्षित जागा कोण देणार, हे त्या नोंदीने ठरत नाही. स्थानिक नियंत्रणाची कल्पना एका जागी राहणाऱ्या माणसाला गृहीत धरते आणि मराठवाड्यातली सर्वांत वंचित मुले वर्षातले काही महिने एका जागी नसतात.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न पुराव्याचा आहे. केरळ आणि तमिळनाडू दोन्ही पुढे आहेत आणि त्यांच्या रचना परस्परविरुद्ध आहेत. दोन्हीकडे साक्षरता, आरोग्यसेवा आणि सामाजिक चळवळींचा वारसा आहे. त्यामुळे परिणाम रचनेचा की वारशाचा, हे वेगळे काढणे अवघड आहे. महाराष्ट्रात ग्रामीण आणि नागरी प्रकल्पांची रचना वेगळी असल्याने तुलनेला चांगली संधी आहे. जिल्हा परिषदेखालची आणि आयुक्तालयाखालची अंगणवाडी शेजारी ठेवून जागा, उपस्थिती, आहार आणि शिकणे या चारही अंगांनी सलग काही वर्षे पाहिले, तर वादाला ठोस आधार मिळेल.

दुसरा प्रश्न निवडून आलेल्या संस्थांच्या अनुपस्थितीचा आहे. छत्रपती संभाजीनगर महापालिकेत एप्रिल २०२० पासून पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाची राजवट राहिली. जिल्हा परिषदेचा कार्यकाळ मार्च २०२२ मध्ये संपला आणि तिथेही दीर्घकाळ प्रशासकच होते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. या काळात महिला व बालकल्याण समित्याच नव्हत्या. सदस्य नसलेल्या संस्थेच्या काळातल्या परिणामांना स्थानिक नियंत्रणाचे यश वा अपयश म्हणता येणार नाही.

तिसरा प्रश्न आदिवासी क्षेत्राबाहेरच्या वंचितांचा आहे. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींच्या कायद्याखालच्या ग्रामपंचायतींना आदिवासी घटक योजनेतला पाच टक्के निधी थेट मिळतो आणि ग्रामसभेला त्यावर अधिकार असतो. मराठवाड्याच्या बऱ्याचशा तांड्यांना, भटक्या-विमुक्तांच्या पालांना आणि दलित वस्त्यांना असा थेट निधी नाही. वस्तीच्या पातळीवर, पंचायतीच्याही खाली, निधी आणि देखरेख नेता येईल का, यावर अजून गंभीर प्रयोग झालेला नाही.

चौथा प्रश्न शहराचा आहे. नागरी अंगणवाड्या महापालिकांकडे द्याव्यात काय? बाजूने असे म्हणता येते की जागा, पाणी, स्वच्छता, आरोग्य केंद्रे आणि शाळा सारे महापालिकेकडेच आहे. विरोधात असे की कर्मचाऱ्यांचे पगार भागवताना ओढाताण होणाऱ्या महापालिकेवर नवी जबाबदारी टाकली तर ती पहिल्यांदा कापली जाईल. निधीची हमी आणि कर्तव्य दोन्ही एकाच वेळी हस्तांतरित होतील, अशी मांडणी अजून कोणी सविस्तर केलेली नाही.

निष्कर्षाकडे

आजवरच्या अनुभवातून एवढे म्हणता येते की स्थानिक नियंत्रण हवे की नको, या रूपात प्रश्न विचारला तर उत्तर हाती लागत नाही. पाचही अंगांसाठी उत्तर वेगळे आहे. जागा, वेळापत्रक आणि रोजची देखरेख ही कामे जवळच्या संस्थेला चांगली जमतात, असे पुरावे सुचवतात. सेविकेची सेवाशर्त, आहाराचा किमान दर्जा आणि वंचित वस्त्यांचे प्राधान्य यांना राज्याची आणि कायद्याची हमी लागते. माहिती दोन्ही दिशांना वाहायला हवी, म्हणजे सेविकेने भरलेला आकडा ग्रामसभेतल्या आईलाही वाचता यायला हवा. शिक्षणाच्या बाबतीत दोन खात्यांचा मेळ कोणत्या पातळीवर घालायचा, हे अजून ठरायचे आहे.

सध्या मात्र वाटणी उलट झालेली दिसते. निधी न देता इमारतीची जबाबदारी खाली ढकलली आहे आणि ज्या गोष्टी वस्तीला चांगल्या कळतात, त्यांचे निर्णय वर राहिले आहेत. याची किंमत तीन ते सहा वर्षांची मुले मोजतात आणि त्यांना त्या वयातली वर्षे पुन्हा मिळत नाहीत. निवडून आलेल्या स्थानिक संस्थांच्या महिला व बालकल्याण समित्यांनी पहिल्याच बैठकीत आपल्या हद्दीतल्या प्रत्येक वस्तीची, तांड्याची आणि कामगार चाळीची यादी घ्यावी आणि तिथल्या मुलांना अंगणवाडी आहे का, ती किती जागेत भरते आणि तिथे काय शिकवले जाते, याचा जाहीर हिशेब मांडावा. एवढे करायला त्यांना कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.